इंजिनाच्या तापमानाचा काटा : खरा किती, खोटा किती?

(शेतकरी बांधवांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



उन्हाळी नांगरटीचे दिवस आहेत. रोहिणी निघायच्या आत रानं तयार करायची म्हणून ट्रॅक्टर दिवस उगवायला बाहेर पडतो तो अंधार पडल्यावरच घरी येतो. वरून ऊन, खालून तापलेली ढेकळं आणि मागं नांगर नाहीतर रोटाव्हेटर. अशा वेळी आज मी बियाण्याविषयी किंवा खताविषयी बोलणार नाही. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर एक लहानसा काटा असतो. त्याच्या एका टोकाला 'सी' म्हणजे थंड आणि दुसऱ्या टोकाला 'एच' म्हणजे गरम असं लिहिलेलं असतं. काहींवर नुसते हिरवा आणि तांबडा असे पट्टे असतात. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा तो काटा. आज त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

मी शेतीची पदवी घेतलेला माणूस, मिस्त्री नाही. मग हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात हरभऱ्याचा प्रात्यक्षिक प्लॉट पाहायला गेलो होतो. बांधावर त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता. सहज लक्ष गेलं तर इंजिनाच्या बाजूला एक वायर सुटी लोंबत होती. मी विचारलं, "बापू, ही वायर कसली?" ते म्हणाले, "साहेब, तापमानाचा काटा सारखा तांबड्यात जायचा. मिस्त्री म्हणाला काटाच बिघडलाय. दिली वायर काढून. आता कसा गप पडून आहे बघा." आम्ही दोघंही हसलो आणि मी प्लॉटकडे वळलो.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा मुलगा रोटाव्हेटर मारत होता. रेडिएटरचा होज पाइप फुटला आणि पाणी खाली गेलं. पोरानं काट्याकडे पाहिलं, काटा थंडीवर. त्याला वाटलं सगळं ठीक आहे. थोड्या वेळानं ट्रॅक्टर ओढीना, धूर आला, करपल्यासारखा वास आला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. हेडला तडा गेला होता, गॅस्केट जळालं होतं, पिस्टन ओरखडले होते. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला तोवर पेरणी होऊन गेली होती. ती त्यांनी दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं लावून केली आणि बँकेचा हप्ता मात्र आपल्या उभ्या ट्रॅक्टरचा भरला.

पुढं कळलं ते आणखी वाईट होतं. काटा बिघडलेलाच नव्हता. सोयाबीनच्या मळणीत रेडिएटरच्या जाळीत भुसा घट्ट बसला होता. वारा आत जात नव्हता, म्हणून इंजिन खरोखरच तापत होतं. काटा महिनाभर खरं सांगत होता, आणि आपण त्याचं तोंड बंद केलं.

बापूंनी मला काही बोल लावला नाही. पण ती लोंबणारी वायर मी पाहिली होती आणि गप्प बसलो होतो. नंतर तालुक्याच्या एका जुन्या फिटरकडे बसून मी ही काट्याची विद्या समजून घेतली. ती आज तुम्हाला सांगतो.

काटा काम कसं करतो?

इंजिनात जे पाणी किंवा कूलंट फिरतं, त्यात बोटाच्या पेरासारखा एक पितळी तुकडा बुडालेला असतो. त्याला कोणी सेन्सर म्हणतात, कोणी युनिट म्हणतात. तो बहुधा हेडच्या पुढच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला असतो. पाणी थंड असताना हा सेन्सर वीज कमी जाऊ देतो आणि पाणी तापेल तसतशी जास्त जाऊ देतो. ही वीज वायरीतून काट्यापर्यंत असते आणि त्या मानानं काटा वर चढतो. वीज परत जाण्याची वाट म्हणजे इंजिनाचं अंग, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे. वायर तुटली म्हणजे वीज जात नाही, तेव्हा काटा थंडीवर पडून राहतो. वायर सोलून लोखंडाला टेकली म्हणजे वीज धो धो जाते, तेव्हा काटा गरमवर जाऊन बसतो. दोन्ही वेळा इंजिनाचं खरं तापमान काहीही असू शकतं.

जुन्या काही ट्रॅक्टरांवर आणि स्थिर इंजिनांवर दुसऱ्या जातीचा काटा असतो. त्याला वीज लागत नाही. पाण्यात बुडालेल्या नळकांड्यापासून काट्यापर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी येते. आतला द्रव तापला की दाब वाढतो आणि त्या दाबानं काटा सरकतो. ही नळी मुडपली, घासली किंवा तुटली की दाब निघून जातो आणि काटा कायमचा पडतो. ही नळी डाग देऊन जोडता येत नाही. नळकांडं, नळी आणि मीटर असा सगळा संच बदलावा लागतो. म्हणून उरलेली नळी कापू नका. मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवा आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब ठेवा.

आधी इंजिन, मग काटा

काटा तांबड्यात गेला की "काटाच खोटा" असं म्हणायचं नाही. आधी इंजिन तापलंय असं समजूनच वागायचं. खोटा ठरवायला नंतर वेळ आहे.

चालत्या रानात काटा चढला तर ट्रॅक्टर थांबवा, औजाराचा भार काढा, गिअर मोकळा करा आणि इंजिन दोन-चार मिनिटं हळू चालू द्या. पंखा फिरत राहतो, पाणी फिरत राहतं आणि इंजिन सावकाश निवतं. पण वाफ येत असेल, पाणी सांडलेलं दिसत असेल किंवा पंख्याचा पट्टा तुटला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. पाणीच फिरत नसेल तर हळू चालवूनही इंजिन भाजतंच.

रेडिएटरचं टोपण गरम असताना उघडू नका. ही गोष्ट मी दोनदा सांगतो. टोपणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या पुढं जाऊनही उकळत नाही. टोपण फिरवलं की दाब एकदम जातो आणि सगळं पाणी त्याच क्षणी उकळी मारून तोंडावर, छातीवर येतं. वरून फडकं धरलं तरी हात भाजतो. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवला म्हणजे मगच टोपण उघडा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाईल.

इंजिन निवल्यावर या गोष्टी पाहा. पाणी काठोकाठ आहे का? जाळीत भुसा, धूळ, किडे अडकलेत का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? होज पाइप मऊ पडलाय किंवा भेगाळलाय का? पाण्याच्या पंपाखाली ओल आहे का? इंजिन ऑइल दुधट झालंय का? ऑइल दुधट असेल तर त्यात पाणी शिरलंय असं समजा. मग ट्रॅक्टर चालू न करता मिस्त्री बोलवा.

हे सगळं ठीक असेल, इंजिन ओढतंय, वाफ नाही, वास नाही आणि तरीही काटा तांबड्यात, तर मग काट्याची चौकशी करायची.

काट्याची खोड ओळखा

काटा कसा वागतो त्यावरून दोष कुठं आहे ते बरंचसं कळतं.

पहिली खोड : काटा थंडीवरून हलतच नाही. ही सर्वांत घातक खोड, कारण ती त्रास देत नाही. तांबड्यातला काटा माणसाला थांबवतो. थंडीवर मेलेला काटा माणसाला निश्चिंत करतो. अशा वेळी फ्यूज पाहा. सेन्सरवरची वायर जागेवर आहे का, टोक हिरवट गंजलंय का, ते पाहा. मग पुढची परीक्षा करा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. सेन्सरवरची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ, बिनरंगाच्या लोखंडाला क्षणभर टेकवा. दुसऱ्या माणसाला काट्याकडे पाहायला सांगा. काटा वर चढू लागला तर काटा आणि वायर चांगली, सेन्सर गेलेला. काटा हललाच नाही तर वायर कुठंतरी तुटली आहे, फ्यूज गेला आहे किंवा मीटरच गेलं आहे. वायर क्षणभरच टेकवायची, धरून ठेवायची नाही, नाहीतर चांगलं मीटर जळायचं.

दुसरी खोड : थंड इंजिनाला चावी दिली रे दिली की काटा गरमवर. रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी सहाला तापलेला असूच शकत नाही. म्हणजे इथं काटा नक्की खोटा. सेन्सरवरची वायर काढून बाजूला धरा. काटा खाली आला तर सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. काटा खाली आला नाही तर वायर वाटेत कुठंतरी सोलून लोखंडाला टेकली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आपल्याकडे नेहमीच सापडतात. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ ट्रॅक्टर लावत असाल तर तिथून सुरुवात करा.

तिसरी खोड : काटा उड्या मारतो, किंवा दिवे लावले, हॉर्न वाजवला की सरकतो. इंजिनाचं पाणी काही दिवे लावल्यानं तापत नाही. हा बहुतेक वेळा अर्थिंगचा दोष. बॅटरीपासून चेसीला आणि इंजिनाला येणारी जाड पट्टी सोडा, दोन्ही टोकं पॉलिश कागदानं घासा आणि घट्ट आवळा. मीटरच्या मागची अर्थची वायरही पाहा.

चौथी खोड : डिझेलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम चुकतात. दोन सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. दोघांना मिळून जे सामाईक आहे ते तपासा, म्हणजे फ्यूज, मीटरचं अर्थिंग आणि मीटरला येणारी वीज. काही जुन्या जीप-मोटारींत मीटरना ठरावीक दाबाची वीज देणारी एक लहान डबी असते. ती बिघडली की सगळे काटे मिळून चढतात किंवा मिळून पडतात. डायनामो जास्त चार्ज करत असेल तरीही काटे चढलेले दिसतात.

पाचवी खोड : काटा चालतो, पण नेहमी कमी दाखवतो. इथं घाई करू नका, कारण कारणं पुष्कळ आहेत. पाण्याची पातळी खाली गेली असेल तर सेन्सर पाण्याबाहेर, हवेत राहतो. खाली इंजिन भाजत असतं आणि काटा मात्र उतरत असतो. म्हणून चालता चालता काटा एकाएकी खाली आला तर "चला, निवला" म्हणू नका, थांबून पाणी पाहा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर सेन्सरवर चुन्यासारखा थर बसतो आणि त्याला उष्णता उशिरा कळते. सेन्सर बसवताना आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर त्याचं अर्थिंग तुटतं. आणि बाजारात मिळाला तो, आटे जुळले म्हणून बसवलेला सेन्सर तुमच्या मीटरच्या जोडीचा नसेल तर काटा जन्मभर चुकीचं सांगेल. म्हणून सेन्सर घेताना जुना सोबत न्या आणि ट्रॅक्टरचं मॉडेल सांगूनच घ्या.

कमी काटा नेहमी खोटाच असतो असं नाही

थर्मोस्टॅट नावाची एक झडप इंजिनात असते. आपल्याकडे तिला नुसतं "वॉल" म्हणतात. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की उघडते. पुष्कळ इंजिनांत ही झडप ८० अंशांच्या थोडं पुढं उघडू लागते. तिच्यावर आकडा कोरलेला असतो.

ही झडप उघडी अडकली, किंवा कोणी काढून टाकली, तर इंजिन तापतच नाही आणि काटा खरोखरच खाली राहतो. "वॉल काढा, गाडी तापणार नाही" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला मानू नका. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, काळा-पांढरा धूर टाकतं, ऑइल खराब करतं आणि आतून लवकर झिजतं. शिवाय तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं.

झडप तपासणं घरी जमण्यासारखं आहे. इंजिन निवल्यावर ती काढा, दोरीनं बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबती सोडा आणि शेजारी तापमापक धरा. पाणी तापू लागल्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडू लागली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पुन्हा पूर्ण मिटली पाहिजे. मिटत नसेल किंवा उघडत नसेल तर बदला.

पातेल्यातली परीक्षा

काट्याची परीक्षाही अशीच पातेल्यात करता येते. ही परीक्षा मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

काचेचा, ११० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या. तापाचा तापमापक चालणार नाही, तो फुटेल. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढा आणि खाली भांडं धरून ओघळणारं पाणी गोळा करा. त्यात कूलंट असेल तर ते जमिनीवर सांडू देऊ नका. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं ते चाटतात आणि ते विषारी आहे.

आता सेन्सरच्या पितळी अंगाला एक लांब वायर बांधून तिचं दुसरं टोक इंजिनाच्या लोखंडाला जोडा. सेन्सरच्या डोक्यावर, जिथं मूळची वायर लागते, तिथून दुसरी लांब वायर त्या मूळच्या वायरीला जोडा. सेन्सरचं टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, वायरीचं डोकं मात्र कोरडं राहू द्या. स्टोव्ह किंवा चूल ट्रॅक्टरपासून आणि डिझेलपासून लांब ठेवा. चावी ऑन करा आणि पाणी सावकाश तापवा.

एकानं तापमापक वाचायचा, दुसऱ्यानं काटा पाहायचा आणि कागदावर लिहून ठेवायचं. ६० अंशाला काटा कुठं? ८० ला कुठं? ९० ला कुठं? उकळीला कुठं? काटा न अडखळता चढत गेला पाहिजे. कामाच्या तापमानाला, म्हणजे ८० ते ९० अंशांच्या आसपास, तो मधल्या भागात असावा आणि उकळीला तांबड्याच्या जवळपास पोचावा. पाणी ८० अंशाला असतानाच काटा तांबड्यात गेला, किंवा उकळी फुटूनही काटा अर्ध्यावरच राहिला, तर सेन्सर आणि मीटरची जोडी खोटी आहे हे सिद्ध झालं.

एक बारकी गोष्ट सांगतो. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्राच्या पातळीवर, म्हणजे कोकणातल्या किनाऱ्यावर. पुणे-नाशिकसारख्या पठारावर ते सुमारे ९८ अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. तेव्हा उकळीला तापमापक ९८ दाखवू लागला तर तो बिघडला असं समजू नका.

मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा ओहमही मोजता येतो. थंड पाण्यात ओहम जास्त आणि पाणी तापेल तसा कमी कमी होत गेला पाहिजे. आकडा मध्येच उडी मारत असेल किंवा बदलतच नसेल तर सेन्सर टाकाऊ. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे असतात, ते पुस्तिकेत पाहा.

सेन्सर परत बसवताना आटे स्वच्छ करा, वॉशर नवा घाला आणि बेताचंच आवळा. पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवा आणि निवल्यावर पातळी पुन्हा पाहा. आत हवा कोंडली तर नवा सेन्सरही खोटं सांगेल.

नवे ट्रॅक्टर आणि मोटारी

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत आणि आताच्या मोटारी-पिकअपमध्ये सेन्सर थेट काट्याला जोडलेला नसतो. तो इंजिनाच्या संगणकाला तापमान सांगतो आणि संगणक काटा हलवतो. अशा गाडीत वायर काढून लोखंडाला टेकवण्याची परीक्षा करू नका. संगणक महाग आहे. सेन्सरला दोन किंवा जास्त वायरी दिसल्या की हात आवरा आणि कोड वाचणारं यंत्र असलेल्या मिस्त्रीकडे जा. ते यंत्र संगणकाला मिळालेलं तापमान अंशांत दाखवतं. ते आणि काटा ताडून पाहा.

बऱ्याच नव्या मोटारींत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. पाणी थोडं वर-खाली झालं तरी तो हलत नाही आणि हलतो तेव्हा तापमान बरंच पुढं गेलेलं असतं. काही लहान मोटारींत तर काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापलं की तांबडा दिवा, एवढंच. अशा गाडीत काटा मध्यावरून वर सरकला, किंवा तांबडा दिवा लागला, की पुढचं गाव येईपर्यंत वाट पाहायची नाही. जागा बघून तिथंच थांबायचं.

खर्चाचा हिशोब

साधा सेन्सर काही शे रुपयांत येतो. तुटलेली वायर जोडायला आणि अर्थिंग घासायला तर नुसता वेळ लागतो. उलट इंजिन भाजलं तर हेड, गॅस्केट, पिस्टन आणि मजुरी मिळून हजारोंनी पैसा जातो. वर ऐन हंगामातले दिवस जातात, ते विकत मिळत नाहीत. वाफ्शावर पेरणी साधली नाही तर त्याची भरपाई कोणता मिस्त्री करणार?

आणखी एक विनंती. तुमच्याकडे ट्रॅक्टर चालवणारा तुमचा मुलगा असेल किंवा गडी असेल, त्याला हा काटा समजावून सांगा. काटा चढल्यावर त्यानं काम थांबवलं तर त्याच्यावर ओरडू नका. "एवढं एक तास मारून घ्यायचं होतं" असं एकदा ऐकलं की पुढच्या वेळी पोरगं थांबत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. काटा तांबड्यात गेला तर आधी इंजिन तपासा, नंतर काट्यावर शंका घ्या.

२. त्रास देणाऱ्या काट्याची वायर काढून टाकू नका. काढली असेल तर आजच जोडून घ्या.

३. थंडीवर पडून राहिलेला काटा सर्वांत धोक्याचा. दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतरही काटा हलला नाही तर चौकशी करा.

४. चालता चालता काटा एकाएकी खाली आला तर थांबून पाणी पाहा.

५. गरम रेडिएटरचं टोपण उघडू नका.

६. जाळी मळणीच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्याला झाडा. वारा किंवा पाणी मारताना पात्या वाकणार नाहीत असं मारा.

७. वॉल काढून टाकू नका. तपासा आणि बिघडली असेल तर बदला.

८. सेन्सर मॉडेल सांगून घ्या. फक्त आटे जुळले म्हणून बसवू नका.

९. वर्षातून एकदा, उन्हाळी कामाआधी, काट्याची पातेल्यातली परीक्षा करा आणि आकडे टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवून ठेवा.

मंडळी, त्या बापूंचा ट्रॅक्टर आज चालू आहे. परवा त्यांच्या रानावरून जात होतो. त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "साहेब, या, वायर बघून जा." मी पाहिली. वायर जागेवर होती, घट्ट होती आणि काटा मधोमध उभा होता. तुमच्याही ट्रॅक्टरची वायर आज संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, एकदा पाहून घ्या. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची लोंबताना दिसली तर त्यालाही सांगा. मी गप्प बसलो होतो, तसे तुम्ही बसू नका.

रामराम.